बिनकारणी रजा

जनरेटर दुरुस्त करणाऱ्या त्या हवालदाराच्या लग्नाला बरीच वर्षे झाली होती आणि त्यांतली बहुतेक त्याने समुद्रापलीकडच्या तळांवर काढली होती. तरीही तो घरी येत नाही अशी तक्रार कोणाला करता आली नसती. सासरे वारले, तो आला. मुलाचे अपेंडिक्स काढावे लागले, तो आला. धाकट्या मेहुणीचे लग्न ठरले तेव्हा आला आणि ते मोडायच्या बेतात होते तेव्हा पुन्हा आला. थोरल्या बहिणीचा पाय मोडला, शेजारची भिंत खचून त्यांच्या स्वयंपाकघराला तडा गेला, मुलाला परगावच्या वसतिगृहात पोचवायचे होते, अशा प्रत्येक वेळी तो खांद्यावर हिरवी पिशवी घेऊन जिन्यात उभा राहिला. आला की कामाला लागे आणि काम संपले की परत जाई. कर्तव्याच्या बाबतीत त्याच्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती. बोट दाखवले ते बायकोने, आणि तेही नेमके या कर्तव्याकडेच.

ती चष्म्याच्या कारखान्यात काचा घासून त्यांचे नंबर तपासण्याचे काम करी. दिवसभर ओरखडे शोधण्याची सवय असलेली माणसे सहसा आवाज चढवत नाहीत. त्यांना सापडलेला दोष बारीक असतो आणि तो शांतपणेच दाखवावा लागतो.

"यंदा घरात कोणी आजारी नाही," ती फोनवर म्हणाली.

"छान झालं."

"कोणाचं लग्न नाही. भिंतीही सगळ्या उभ्या आहेत."

"अगं, मग अडचण काय?"

"अडचण हीच, की आता तुम्ही येणार नाही."

जनरेटर बंद पडला की हवालदार आधी कान लावून ऐकत असे. तसाच आताही ऐकू लागला.

"आजवर तुम्ही कोणासाठी तरी आलात," ती म्हणाली. "बाबांसाठी, पोरासाठी, ताईंसाठी. अहो, त्या भिंतीसाठीसुद्धा आलात. माझ्याकडे म्हणून कधी आला नाहीत. एकदा काही नसताना या. काही म्हणजे काहीच नसताना."

"आणि नाही जमलं तर?"

"तर यापुढे कोणी गेलं तरी मी कळवणार नाही. माझं मी निभावीन. नाहीतरी मला सवय आहे."

ही धमकी असती तर तो हसून मोकळा झाला असता. पण हे साधे निवेदन होते, काचेवरचा ओरखडा दाखवावा तसे. त्याने रजा मागितली. साहेबांनी कारण विचारले तेव्हा तो टोपी हातात फिरवू लागला. साहेबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिले, काहीतरी भलतेच दुःख असावे असे समजून "घरगुती" असे स्वतःच लिहिले आणि पाठीवर हात ठेवला. हवालदाराने तो हात मुकाट्याने सहन केला.

सैनिकाला रजेवर घरी जाण्यासाठी लष्कराच्या मालवाहू विमानात फुकट जागा मिळते, हे ऐकून बाहेरच्या लोकांना त्याचा हेवा वाटतो. त्या जागेचा अर्थ मात्र त्यांना ठाऊक नसतो. विमान इंजिने, औषधे, टायर आणि टपाल नेण्यासाठी निघालेले असते. हे सगळे साखळ्यांनी आवळून झाल्यावर कडेला जो अवकाश उरतो, त्यात लाल पट्ट्यांच्या जाळीदार बैठका उलगडतात आणि तिथे माणसे बसवतात. माणसाला आधी त्याच्या पिशवीसकट वजनकाट्यावर उभे करतात. ऐन वेळी एखादे खोके आले तर माणूस उतरतो, खोके चढते. यात कोणाला अपमान वाटत नाही. खोक्याला रजा नसते, एवढेच लोक म्हणतात. विमान कधी सुटेल हे आधी सांगत नाहीत, घरी कळवूही देत नाहीत. शिवाय थेट घरचे विमान क्वचितच मिळते. मधल्या एका तळावर उतरून पुढच्या विमानात जागा होईपर्यंत थांबावे लागते, आणि रजेचे दिवस त्या थांबण्यातच वितळत जातात.

या मधल्या तळावरच्या प्रतीक्षागृहात आपला हवालदार हा कोणी साधा माणूस नव्हता. जमिनीला बोल्टने जखडलेल्या खुर्च्या, नुसतेच गरम पाणी देणारे कॉफीचे यंत्र, कोपऱ्यातला वजनकाटा आणि काचेमागे बसून नंबर देणारी खिडकीवाली, या सर्वांच्या साक्षीने तिथे त्याला 'जज्जसाहेब' म्हणत.

त्याचे झाले असे. नियमाप्रमाणे जो आधी आला त्याचा नंबर आधी. पण आपला नंबर कोणी आपखुशीने मागे घेतला तर त्याला नियमाची आडकाठी नव्हती. फार पूर्वी एकदा, वडिलांच्या अंत्यविधीला निघालेला एक शिपाई शेवटच्या खुर्चीत बसून रडत होता आणि पहिल्या खुर्चीतला माणूस सुट्टीत मासे पकडायला चालला होता. हवालदाराने मासेवाल्याला चार शब्द सुनावले. मासेवाला उठला. त्या दिवसापासून एक रीतच पडली. जागा कमी असल्या की प्रत्येकाने आपले कारण सर्वांसमोर सांगायचे, बाकीच्यांनी ते तोलायचे आणि हलक्या कारणाच्या माणसाने स्वतःहून मागे सरायचे. मरण सर्वांत जड. त्याखाली आजारपण, त्याखाली बाळंतपण, त्याखाली लग्न. न मानणाऱ्याला शिक्षा नव्हती. पण मागाहून त्याच खुर्च्यांत पुन्हा कधीतरी बसायचे आहे, ही जाणीव शिक्षेपेक्षा प्रभावी ठरे. हवालदार येता-जाता या कोर्टाचा प्रमुख होऊन बसला होता आणि खरे सांगायचे तर त्याला ते आवडत असे. जिथे नुसती रांग होती तिथे त्याने न्याय आणला, असे त्याचे मत होते. ते अगदीच चुकीचे नव्हते.

फक्त एका निकालाचे त्याला पुढे कधीमधी स्मरण होई. माल चढवणारा एक कोवळा जवान होता. कारण विचारल्यावर तो खांदे उडवून म्हणाला होता, "काही नाही. घरी जायचंय. झोपायचंय." सगळे हसले. जज्जसाहेब ऐटीत म्हणाले, "जो उगीच चालला आहे, त्याला उगीच थांबायला काय हरकत आहे?" हशा दुप्पट झाला. जवान पुन्हा पुन्हा मागे सरत राहिला, त्याची रजा त्याच खुर्चीत संपली आणि तो उलट्या विमानाने कामावर गेला. तेव्हापासून त्याचे नाव 'उगीच' पडले. चांगल्या न्यायाधीशाचा एखादा विनोदसुद्धा एखाद्याच्या आयुष्याला कायमचा चिकटतो, याचा विचार त्या वेळी कोणी केला नाही.

तर या खेपेला हवालदार त्या प्रतीक्षागृहात शिरला तेव्हा खिडकीवालीने काचेआडून मान तिरकी केली. "जज्जसाहेब! आता काय झालं घरी?"

"काही नाही."

"बरं बरं, नका सांगू," ती हळू आवाजात म्हणाली आणि त्याच्याआधी कोणी नसल्याने त्याला पहिला नंबर दिला.

पहिले विमान आले, त्यात एक भलेमोठे इंजिन चढले आणि माणूस एकही चढला नाही. पुढचे येईपर्यंत दिवस गेले. हवालदार रोज सकाळी खुर्ची धरून बसे, गरम पाणी पिई आणि रजेचा हिशेब मनातल्या मनात करी. अखेर खिडकीवालीने सांगितले, की आज विमान आहे, जागा दोन आहेत आणि यानंतरचे विमान थेट पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात हवालदाराला कामावर हजर व्हायचे होते. म्हणजे आज गेला तर गेला, नाहीतर बायकोचे निवेदन अमलात आले.

दुसरा नंबर एका लष्करी परिचारिकेचा होता. तिला सगळे सिस्टर म्हणत. तिसरा नंबर एका आचाऱ्याचा होता. गोल चेहऱ्याचा, बोलका, आणि कढईसारखा सदा तापलेला. त्यांच्यामागे एक ट्रकचालक आणि आणखी काही जण होते, पण त्यांनी आधीच आशा सोडून पत्ते मांडले होते. जागा दोन आणि दावेदार तीन म्हटल्यावर त्यांनी पत्ते उपडे ठेवले आणि खुर्च्यांत वळून बसले. खेळापेक्षा खटला केव्हाही चांगला.

"चला, कोर्ट भरवा," आचारी हात चोळत म्हणाला. "माझ्या सासूबाई अखेरच्या घटका मोजतायत. झालं माझं."

"माझ्या बहिणीचं बाळंतपण," सिस्टर म्हणाली.

"म्हणजे कायद्याने पहिला मी, दुसऱ्या तुम्ही," आचारी म्हणाला. "अर्थात जज्जसाहेबांचं काय आहे त्यावर अवलंबून. बोला साहेब. कोण गेलं?"

त्या क्षणी हवालदाराला तीन वाटा दिसत होत्या आणि तिन्ही चांगल्या नव्हत्या. तो काही न बोलता आपल्या पहिल्या नंबरावर उठून चालू लागला असता तर त्याला कोणी अडवू शकले नसते. पण मग त्याने इतकी वर्षे इतरांना मागे सारले ते कोणत्या तोंडाने? दुसरी वाट खोटे बोलण्याची. बायकोची एक म्हातारी मावशी गेल्याच महिन्यात खरोखर वारली होती आणि तिच्यासाठी तो गेला नव्हता. तिला नुसते एक महिना उशिरा मारले की जागा पक्की. पण हा विचार मनात येताच त्याच्या ध्यानात आले, की खोटे असले तरी ते कारणच. ते घेऊन घरी गेला तर तो पुन्हा मावशीसाठीच गेला असे होईल. बायकोने मागितलेली एकमेव वस्तू तो वाटेतच मोडून टाकील. उरली तिसरी वाट. ती सरळ होती आणि म्हणूनच सर्वांत अवघड.

"कोणी गेलेलं नाही," तो म्हणाला. "कोणी आजारी नाही. कारण नाही."

"म्हणजे सांगायचं नाही?"

"सांगायला नाहीच आहे. बायको म्हणाली, एकदा काही नसताना या. म्हणून चाललोय."

मागून कोणीतरी फस्सकन हसले आणि सगळे प्रतीक्षागृह हसू लागले. खिडकीवालीनेसुद्धा काचेमागे तोंडावर हात धरला.

"जज्जसाहेब," आचारी डोळे पुशीत म्हणाला, "तुमचाच कायदा बरं का! 'जो उगीच चालला आहे...' पुढचं तुम्ही म्हणा, आम्हाला पाठ आहे."

"मला माहीत आहे," हवालदार म्हणाला. कान लाल झाले तरी त्याने मान ताठ ठेवली. "निकाल माझ्याविरुद्ध आहे. मी मागे सरतो."

"थांबा," सिस्टर म्हणाली. ती आतापर्यंत विणकाम करीत बसली होती. आता तिने सुया खाली ठेवल्या. "निकालाआधी उलटतपासणी असते ना? आचारीबुवा, तुमच्या सासूबाईंना काय झालंय?"

"छाती."

"छातीला काय?"

"म्हणजे... दुखते."

"मागच्या थंडीत याच खुर्चीत तुम्ही त्यांचं मूत्रपिंड सांगितलं होतं. मी इथेच होते. मी तुम्हाला त्यांना पाणी किती द्यायचं तेही समजावलं होतं."

"आता ते बरं झालं."

"आणि त्याआधी त्या गेल्याच होत्या, असं मागे बसलेले हे चालक सांगतायत."

मागे बसलेल्या चालकाने मान डोलावली. "मी यांना जागा दिली होती तेव्हा. दोन मिनिटं उभंसुद्धा राहिलो होतो त्या बाईंसाठी."

आचाऱ्याच्या तोंडचे पाणी पळाले. त्याने एकदा छताकडे पाहिले, एकदा आपल्या बुटांकडे, आणि मग एकदम उसळला. "हो! ठणठणीत आहेत सासूबाई! माझ्याआधी मरणार नाहीत! पण मी काय सांगू? माझी मुलगी चालायला लागली आहे. भिंत धरून नाही, सुटी चालते. आठवडाभर चालतेय. हे सांगितलं असतं तर दिली असती जागा तुमच्या कोर्टाने?"

पत्तेवाल्यांनी नजरा उपड्या पत्त्यांकडे वळवल्या.

"नसती दिली," तोच म्हणाला. "तुमच्या कायद्यात माणूस जन्मतो, लग्न करतो, आजारी पडतो आणि मरतो. मधलं काही नाहीच. चालणं कुठे बसतं, सांगा ना! मग मी सासूबाईंना आजारी पाडतो. त्यांनाही ठाऊक आहे. विचारतात, 'यावेळी मला काय झालंय, जावईबापू?'"

पुन्हा हशा पिकला, पण हा वेगळा होता. यात प्रत्येक जण थोडासा स्वतःलाही हसत होता. चालकाने सांगितले की त्याच्या भावाचे लग्न आतापर्यंत तीनदा झाले आहे आणि भाऊ अजून शाळेत आहे. हवालदार मात्र हसला नाही. ज्याला तो न्याय म्हणत होता त्याने लोकांना दुःखे जमवायला शिकवले होते. ज्याच्याजवळ पुरेसे दुःख नाही त्याने ते उसने आणायचे, आणि ज्याने उसने आणले नाही असा एकच माणूस या खुर्च्यांत बसून गेला होता. त्याचे कारण खरे होते, म्हणूनच त्याला हसले गेले.

नेमक्या याच वेळी धावपट्टीकडचे दार उघडले आणि वाऱ्याबरोबर लोडमास्टर आत आला. विमानात कोणता माल आणि कोणती माणसे कुठे बसवायची हे ठरवणारा हा अधिकारी. हवालदाराला त्याची ओळख पटायला थोडा वेळ लागला. कानांवर हेडफोन, छातीवर पट्टे, अंगाने भरलेला. पण खांदे उडवण्याची लकब तीच होती. तोच तो 'उगीच'.

"दोन जागा," तो म्हणाला. "नंबर एक?"

"मी," हवालदार उभा राहिला. "पण मी मागे सरतोय. कोर्टाचा निकाल आहे."

लोडमास्टरने त्याच्याकडे निवांतपणे पाहिले. "जज्जसाहेब! तुमचं कोर्ट अजून चालतं?"

"आज बहुतेक मोडलं."

"कारण काय दिलंत?"

"दिलं नाही. नाहीये."

"उगीच चाललात?"

"हो."

लोडमास्टरच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही. असा चेहरा माल तोलणाऱ्यांना जमतो. "माझ्या कागदावर नंबर असतो, कारण नसतं," तो म्हणाला. "मागे सरायचं तर खिडकीवर जाऊन सांगा. मला घाई आहे."

हवालदार खरोखरच खिडकीकडे निघाला. त्याला वाटले, याहून योग्य शेवट असू शकत नाही. पण सिस्टर त्याच्या वाटेत येऊन उभी राहिली. उंचीने ती त्याच्या खांद्याइतकी होती आणि अधिकाराने बरीच मोठी.

"बसा खाली," ती म्हणाली. "माझी बहीण आज सकाळी बाळंत झाली. मुलगा आहे. मी इथे कॉफी समजून गरम पाणी पीत होते तेव्हाच झाला तो. मला महिन्याभराची रजा आहे, पुढच्या आठवड्यात गेले तरी चालेल. बाळाला मावशी कधी आली ते कळणार नाही. तुमच्या बायकोला मात्र कळेल."

"सिस्टर, मी असं कसं घेऊ?"

"द्यायची सवय लागलेल्या माणसांना घ्यायला जड जातं, मला माहीत आहे. रोज औषध पाजते मी अशा लोकांना. तोंड उघडा, गिळा आणि निघा." मग आचाऱ्याकडे वळून, "आणि तुम्हीही निघा. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचं मूत्रपिंड जपा म्हणावं."

हवालदार पिशवीसकट काट्यावर उभा राहिला. आयुष्यात प्रथमच त्याने एखादी जागा कारण न तोलता घेतली होती.

ते दोघे विमानाच्या शेपटाकडून चढले तेव्हा आत एक डोंगर साखळ्यांनी बांधलेला होता. लष्करी इस्पितळाच्या गाद्या होत्या त्या, धुऊन-शिवून नव्या करायला चाललेल्या. जाळीखाली थरावर थर, छतापर्यंत. लोडमास्टरने आचाऱ्याला पुढे खिडकीपाशी बसवले आणि हवालदाराला अगदी मागे, पडद्याआडच्या संडासाशेजारी, गाद्यांच्या समोरासमोर. लाल पट्ट्यांची ती बैठक अशी, की पाठ टेकली तर मान पुढे येते आणि मान टेकली तर पाठ सुटते. डोक्यावर गरम हवेची नळी, पायाखाली बर्फासारखा गार पत्रा. आणि नाकासमोर हातभर अंतरावर मऊ मऊ गाद्या.

"यांच्यावर पडता येणार नाही," लोडमास्टर वाकून म्हणाला. "नियम आहे."

"समजलं."

"किती वेळ बघत बसावं लागेल, मोजू नका." त्याने कानांत घालायचे स्पंजाचे बोळे हवालदाराच्या तळहातावर ठेवले. "घरी जाऊन काय करणार?"

"काही नाही."

"जमेल?"

हवालदार बोळे कानांत कोंबू लागला. इंजिने सुरू झाली, सगळे विमान थरथरू लागले. जनरेटरच्या सान्निध्यात जन्म गेलेल्या माणसाला तो आवाज परका नव्हता. वर पोचल्यावर लोडमास्टर साखळ्या तपासत मागे आला तेव्हा हवालदार पट्टा सोडून अर्धवट उठला आणि त्याच्या कानाशी ओरडला, "त्या वेळी मी चुकलो! तुमचं कारण बरोबर होतं!"

लोडमास्टरने हेडफोन न काढता त्याच्या तोंडाकडे पाहिले, गंभीरपणे मान हलवली आणि बोटाने संडासाचा पडदा दाखवला. मग पुढे जाता जाता खांदे उडवले. त्याला ऐकू आले होते की नाही, हे हवालदाराला त्या दिवशी कळले नाही आणि पुढेही कळणार नव्हते.

उतरल्यावर बसने तो आपल्या रस्त्यावर आला तेव्हा दुपार होती. बायकोची कामावरून सुटायची वेळ झाली नव्हती. मग जिन्यात बसू, असा त्याचा साधा बेत होता. पण इमारतीच्या तळमजल्यावर शिंप्याचे दुकान होते, आणि हवालदाराला दारात पाहताच शिंप्याचा मशिनवरचा पाय थांबला. त्याने गळ्यातली फीत काढून ठेवली.

"कोण?" त्याने हळूच विचारले.

"कोणी नाही. सहज आलोय."

"मन घट्ट करा," शिंपी म्हणाला आणि दुकानाचे अर्धे शटर खाली ओढले.

हवालदाराने पुष्कळ समजावले. पण वर्षानुवर्षे जो माणूस केवळ संकटाबरोबरच अवतरला, त्याने संकट नाही म्हणून सांगितल्यावर लोकांना ते संकटाचे मोठेपणच वाटते. शिंप्याने वरच्या मजल्यावरच्या काकूंना हाक मारली. काकू चहाची किटली घेऊन खाली आल्या, त्याच्याकडे पाहून "खूप सोसलंत हो तुम्ही" म्हणाल्या, आणि परत जाऊन त्यांनी त्याच्या थोरल्या बहिणीला फोन केला. बहीण टॅक्सीने आली ती जिन्यापासूनच डोळ्यांना पदर लावून. "मला आधी कळवलं नाहीस! मी काय परकी आहे?"

"ताई, कोणी गेलेलं नाही गं!"

"मग तू का आलास?"

दार उघडायला काकूंकडे किल्ली होती. थोड्याच वेळात घरात माणसे बसली होती, कोणी मोठ्याने बोलत नव्हते, चहा फिरत होता आणि दाराबाहेर चपलांचा ढीग साचला होता.

तो ढीग बायकोने जिन्याच्या वळणावरूनच पाहिला. तिच्या हातात डबा होता, बोटांना काचेची पांढरी भुकटी. ती वरच्या पायऱ्या धावत चढली आणि दारात थबकली. समोर नवरा उभा, भोवती गंभीर चेहरे. तिचा चेहरा उतरला.

"पोराला काही..."

"नाही, नाही! तो ठीक आहे. सगळे ठीक आहेत. तू बोलतेसच ना त्याच्याशी?"

"मग हे सगळे?"

"मी आलो म्हणून आलेत."

"आणि तुम्ही?"

वाटेत, त्या गाद्यांसमोर, त्याने यासाठी एक चांगले वाक्य जुळवले होते. ते आता आठवेना. सगळे घर कान टवकारून बसले होते. शिंपी, काकू, ताई, सगळेच एक प्रकारचे कोर्ट होते.

"मी काही नसताना आलोय," तो म्हणाला.

तिने डबा दाराच्या चौकटीशी ठेवला आणि तिथेच उंबऱ्यावर, चपलांच्या ढिगात बसली. आधी सगळ्यांना वाटले ती रडते आहे. काकू किटली घेऊन पुढे झाल्यासुद्धा. मग त्यांना दिसले, की ती हसत होती. इतकी, की तिला श्वास पुरेना.

"म्हणजे मी काम टाकून टॅक्सीने आले ती कशाला?" ताई दुखावून म्हणाली.

"तुम्ही बसा हो ताई, चहा घ्या," बायको हसू आवरत म्हणाली. "टॅक्सीने आलात, तेवढ्याने यांचं येणं साजरं झालं." मग नवऱ्याकडे वळून तिने आवाज किंचितही न चढवता विचारले, "निदान किल्ली कुठे असते एवढं तरी माहीत होतं का तुम्हाला?"

"नाही."

"मग आता कळलं."

लोक गेले ते नाइलाजाने आणि बरेचसे संशय मनात ठेवून. ती दार लावून आत आली तेव्हा हवालदार हाताशी काही काम नाही म्हणून स्वयंपाकघराच्या जुन्या तड्यावर बोट फिरवीत उभा होता.

"तो भरलेला आहे," ती म्हणाली. "मागे तुम्हीच भरलात. खाली बसा."

तो खुर्चीत बसला. ती समोर बसून त्याला कारखान्यातल्या नव्या यंत्राची हकीकत सांगू लागली, त्यात एक वाकडी काच आली होती ती कशी सापडली ते. दर खेपेला या घरातली शांतता त्याला झोपू देत नसे. जनरेटरशिवाय त्याचा डोळा लागत नसे आणि डोळा लागावा एवढा वेळही कोणत्याच संकटाने त्याला दिला नव्हता. वाकडी काच सापडण्याआधीच त्याची मान खांद्यावर कलली. तिने गोष्ट थांबवली नाही. फक्त आवाज थोडा उतरवला आणि शेवटपर्यंत सांगितली.

मग दारावर टकटक झाली. काकू होत्या. त्यांनी आत डोकावून खुर्चीकडे पाहिले आणि कुजबुजत विचारले, "काय करतायत? बरे आहेत ना?"

"झोपलेत," ती म्हणाली.

"अशा तिन्हीसांजेला? का गं?"

"उगीच," ती म्हणाली, आणि दार लोटून घेतले.